‘हॅलोविन एन्ड्स’ : अर्ध्यावर सोडलेला विषय
जॉन कार्पेंटर यांच्या १९७८ च्या ‘हॅलोविन’पासून चालत आलेल्या खूनपटांच्या मालिकेतील ‘हॅलोविन एन्ड्स’ (२०२२) पाहून अनेक प्रेक्षक रुष्ट झाले. मुखवटाधारी मायकेल मायर्स थोडाच वेळ दिसतो. पुढे पुढे करतो तो कॉरी नावाचा नवखा तरुण! ही तक्रार आम्हांस अर्धीच पटते. कॉरीच्या हातून अपघाताने एक मूल दगावते, हॅडनफिल्ड गाव त्याला क्षमा करीत नाही, आणि त्या तिरस्कारातच नवा खुनी वाढतो. विषय केवढा गंभीर! दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी तो अर्ध्यावरच टाकला. लॉरी आणि मायकेल यांची ठरलेली झुंज होते, मायकेलचा देह यंत्रात चिरडला जाताना गाव जमून पाहते. कॉरीला दिलेल्या वागणुकीचा हिशेब मात्र राहूनच जातो.