सरंजामशाही हा शब्द आणि आपलं मध्ययुग

मंडळी, मराठीत मध्ययुगावर बोलायला उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांत 'सरंजामशाही' म्हणतोच. पाठ्यपुस्तकात तोच शब्द, अग्रलेखात तोच. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, शब्दाला अडखळतो. आमची आजची तक्रार या शब्दाबद्दल आहे.

युरोपातलं आधी पाहू. बाराव्या-तेराव्या शतकातला तिथला भूदास जमिनीला बांधलेला. आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं, दळण मालकाच्याच चक्कीवर, मुलीचं लग्न करायचं तर त्यालाच पैसे मोजायचे. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १२१५ चा मॅग्ना कार्टा आपण कौतुकाने शिकवतो, पण त्यातले बहुतेक हक्क 'स्वतंत्र' माणसाचे. भूदास त्यात जवळपास नाहीच.

आता आपल्याकडे या. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला मुलखाचा वसूल. हक्क वसुलावर, शेतकऱ्याच्या देहावर नाही. मिरासदार सारा भरतो तोवर त्याला सहसा उठवता येत नसे. मिरास विकताही येई. उपरी तर बाहेरचाच, जाच झाला की गाडी जुंपून दुसऱ्या गावी. म्हणून ओस गाव वसवायला इस्ताव्याचे कौल द्यावे लागत: सुरुवातीला सारा थोडा, मग वर्षागणिक चढता. माणूस जमिनीला जखडलेला असता तर त्याला असं गोंजारलं कशाला असतं? (हे कागद बहुतेक सतराव्या-अठराव्या शतकातले, एवढं ध्यानात ठेवा.)

रामशरण शर्मांचं 'इंडियन फ्युडॅलिझम' १९६५ चं. १९७९ मध्ये हरबंस मुखियांनी उलट विचारलं, भारतात ते होतं तरी का? शर्मांचं दानपत्रांचं वाचन दांडगं आहे, तरी आम्ही मुखियांकडे झुकतो. मात्र शेतकरी मोकळा म्हणून समाज मोकळा, असं कुणी समजू नये. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे.

युरोपात पळालेला भूदास सनदी नगरात एक वर्ष आणि एक दिवस टिकला, की पुष्कळ ठिकाणी मालकाचा हक्क संपायचा. आपल्याकडे गाव सुटायचं, जात सुटायची नाही. नव्या गावातही त्याचं बिऱ्हाड गावकुसाबाहेरच. या बंधनाला मालक लागतच नव्हता, सगळा गाव राखणीला होता. युरोप फार उजळ होता अशातलाही भाग नाही; १२९० मध्ये इंग्लंडने ज्यू लोकांना देशाबाहेर काढलंच.

पण 'सरंजामशाही' म्हटलं की सगळा दोष जहागीरदाराच्या वाड्यावर जातो आणि बाकीचे आपण अलगद सुटतो. धर्माबाद निजामाच्या राज्यातलं. १९४९ मध्ये इथल्या जहागिऱ्या गेल्या. पुस्तकं म्हणतात, सरंजामशाही संपली. मग पाणवठ्यावरचा विटाळ त्यानंतरही कुणाच्या हुकमाने चालला?

चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, असं परंपरा सांगते. तिथे राबवून घेणारा कुणी अधिकारी दाखवता येईल. पण विठ्ठलाच्या दाराबाहेर त्यांना कोणत्या सरदाराने थांबवलं होतं? पंढरपूर तर पुढे इंग्रजी मुलखात गेलं, तिथे निजाम नव्हता. तरी ते दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं.