'आमची' टीम, 'आपली' टीम : मुंबई क्रिकेटच्या गप्पांची भाषा

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेते, 'आम्ही' त्याला वगळते. मुंबई क्रिकेटच्या चाहत्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले, तर व्याकरणातला हा फरक तिथे रोज वापरात असलेला दिसतो. "आपण रणजी बेचाळीस वेळा जिंकलोय" आणि "आमच्या वेळी असलं चालायचं नाही" ही दोन वाक्ये एकाच गृहस्थाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतराने येतात. पहिल्या वाक्यात समोरच्याला बसायला जागा करून दिलेली असते. दुसऱ्यात दार लोटून घेतलेले असते. मी बोरिवलीत राहतो. लोकलमध्ये, सोसायटीच्या कट्ट्यावर, निवृत्तांच्या बाकावर या गप्पा मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्या गप्पा काय जपतात आणि काय गाळतात, याची समीक्षा मला इथे करायची आहे.

या गप्पांचा पहिला गुण म्हणजे त्यांची स्मरणशक्ती, आणि ती चमत्कारिक आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा विजेतेपदे मुंबईने मिळवली; पण गप्पांत ती एक गठ्ठा म्हणून येतात. चेंडू-चेंडूने सांगितला जातो तो पराभव. १९९१चा वानखेडेवरचा अंतिम सामना घ्या. हरियाणाने ३५५ धावांचे आव्हान ठेवलेले, मुंबई ३ बाद ३४. मग सचिनच्या ९६, वेंगसरकर नाबाद १३९, शेवटचा गडी कुरुविला धावबाद आणि मुंबई ३५२वर सर्वबाद. दोन धावांनी गेलेला तो सामना आणि वेंगसरकरांचे अश्रू, हे त्या दिवशी मैदानात नसलेली माणसेही डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतात.

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांना भारताची टोपी मिळाली नाही, त्यांची नोंद या गप्पांनी ठेवली. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले; १९७२-७३च्या अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. कसोटी एकही नाही. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर मजल मारली; भारताकडून एकही सामना नाही. अधिकृत इतिहास कसोटीवीरांभोवती फिरतो. अशा खेळाडूंना त्यात तळटीप मिळाली असती. कट्ट्यावरच्या इतिहासात ते नायक आहेत.

मात्र याच गप्पांचा लाडका शब्द, 'खडूस', तपासायला हवा. एरवी चिक्कू, कुरकुऱ्या माणसासाठी वापरला जाणारा हा शब्द मुंबईने कौतुकाचा करून टाकला. विकेट फेकायची नाही, समोरच्याला काही फुकट द्यायचे नाही, सामना हातात आला तरी पकड सोडायची नाही. हा स्वभाव आकाशातून पडलेला नाही. आझाद मैदान, क्रॉस मैदानावर एकमेकांत घुसलेली मैदाने, १९४८पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग, ओली खेळपट्टी, आणि बाद झालात तर पुढची संधी थेट पुढच्या रविवारी. टंचाईतून आलेली ती काटकसर होती.

हळूहळू या शब्दाला पत्ता चिकटला. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, दडकर मैदान. दादर युनियन की शिवाजी पार्क जिमखाना, हा वाद. मग "खडूसपणा संपला" हे वाक्य सुरू झाले. त्याचा खरा अर्थ, खेळाडू आता दादर-माटुंग्याचे राहिले नाहीत, एवढाच असतो.

पुरावा उलटा आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात पहिल्या डावाची आघाडी मुंबईच्या खिशात होती. तरीही दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियनने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकावरच्या तुषार देशपांडेने १२३ धावा केल्या. शेवटच्या जोडीची भागीदारी २३२ धावांची. एकाच डावात या दोन क्रमांकांच्या फलंदाजांनी शतके काढण्याचा प्रकार प्रथम श्रेणीत याआधी एकदाच, १९४६मध्ये, सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी केला होता. खडूसपणा याहून निराळा काय असतो? देशपांडे कल्याणचा. उपांत्य सामन्यात नवव्या क्रमांकावर येऊन शतक ठोकणारा शार्दुल ठाकूर पालघरचा. बेचाळिसावे विजेतेपद घेणारा कर्णधार अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढलेला. टंचाई संपलेली नाही. ती उत्तरेला आणि पूर्वेला सरकली आहे. किटची बॅग घेऊन पालघरहून गाडीत शिरणे हीच आजची ओली खेळपट्टी आहे.

अमेरिकेत बेसबॉलचा ब्रुकलिन डॉजर्स हा संघ १९५७च्या मोसमानंतर लॉस एंजेलिसला निघून गेला. संघ गेला, चाहते मागे राहिले. आपल्याकडे उलट घडले. संघ जागेवर राहिला आणि गिरगाव-दादरची कुटुंबे बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीला गेली. आठवणी मात्र त्यांनी जुन्या पत्त्यावरच ठेवल्या.

उपनगरातल्या नव्या चाहत्यांना मी यातून मोकळे सोडत नाही. त्यांच्या तोंडी 'मुंबई' म्हणजे बहुधा २००८ साली जन्मलेला आयपीएलचा संघ. जानेवारी २०२५मध्ये रोहित शर्मा जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी सामना खेळला, तोही वांद्रे-कुर्ला संकुलात. बोरिवलीत वाढलेल्या "आपल्या रोहित"ने ३ आणि २८ धावा केल्या. त्या सामन्यात ५१ आणि ११९ धावा शार्दुलच्या होत्या, आणि मुंबई पाच गड्यांनी हरली. आमच्याकडच्या गप्पा अजूनही रोहितपाशी सुरू होऊन रोहितपाशीच संपतात. शिवलकरांची आठवण जपणाऱ्या परंपरेला हे शोभत नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत द्वारकानाथ संझगिरी गेले, मार्चमध्ये शिवलकर. या इतिहासाचा मोठा भाग कागदावर कमी आणि तोंडी अधिक आहे. सांगणारे कमी होत आहेत. नालासोपाऱ्याच्या मुलाला प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला "आमच्या वेळी" ऐकू आले, तर तो ती गोष्ट कशाला लक्षात ठेवील? त्याला १९९१चा सामना सांगायचा तो "आपण दोन धावांनी हरलो" असाच सांगायला हवा. आणि त्यानंतर देशपांडे-कोटियनची भागीदारी त्याच्याकडून ऐकायला हवी.