लेणे संघाला, राज्य वर्णाला

सातवाहन राजे बौद्ध धम्माचे आश्रयदाते होते, हे वाक्य आपल्या सभांतून हमखास येते. मीही ते वर्गात बरीच वर्षे उच्चारले. भिवंडीत मागावर राबणाऱ्या बापाचा मी मुलगा, घरातला पहिला पदवीधर. छापील अक्षरावर माझा भारी विश्वास. १९५६ नंतर आपण ही लेणी आपली म्हणून पाहू लागलो, ते योग्यच झाले. पण तिथे कोरलेले आपण वाचले का?

नाशिकच्या लेण्यांत (लोक अजून त्यांना पांडवलेणीच म्हणतात!) क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे, पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. ही राजमाता भदायनीय भिक्षूंना लेणे दान देते. आणि त्याच लेखात आपला मुलगा एकमेव ब्राह्मण होता, त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असेही कोरून घेते. आत वर्ण नाकारणारा संघ आणि बाहेर भिंतीवर वर्णरक्षणाची फुशारकी. याला धम्माचा राज्यावरील प्रभाव म्हणायचे असेल तर तो फार उथळ होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

चीनमध्ये हा झगडा निदान उघड झाला. श्रमण राजापुढे वाकणार नाही, असे हुइयुआनने ४०४ मध्ये लिहून ठेवले. लियांग घराण्याच्या सम्राट वूने स्वतःला विहाराला अर्पण केले आणि मंत्र्यांनी द्रव्य मोजून त्याला सोडवून आणले. ६९० मध्ये वू झेतियान ही स्त्री महामेघसूत्राचा आधार घेऊन सम्राटपदी बसली. कन्फ्यूशियसच्या परंपरेत तिला ती जागा नव्हती. पण ८४५ मध्ये त्याच सिंहासनावरून हुकूम सुटला, ४,६०० हून अधिक विहार मोडले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींची चीवरे उतरवून त्यांना करदात्यांत ढकलले.

नाशिकलाच नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. वर्षाचे २४०, त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हा हिशेब मी फळ्यावर मांडला, तेव्हा मागावरची रात्रपाळी करून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, व्याज विणकरांनी भरले. मग दाता उषवदात कसा?"

लेखात त्या विणकरांपैकी एकाचेही नाव नाही.