प्रतिज्ञेची भाषा आणि बीजोत्पादनातील श्रम

औद्योगिक संस्था मानवी हक्क व मजुरांची प्रतिष्ठा यांविषयी जी निवेदने प्रसिद्ध करतात, त्यांच्याकडे लेखनाचा एक प्रकार म्हणून पाहण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये व्यवसायविषयक मार्गदर्शक तत्त्वे मान्य केल्यापासून हा प्रकार वाढीस लागला. २०२२-२३ पासून सेबीने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना अशा स्वरूपाचा अहवाल सक्तीचा केला. संकरित बियाण्याच्या उद्योगातील अशा निवेदनांचा विचार, ते बियाणे जेथे तयार होते त्या देऊळगाव राजाच्या भूमीवरून करण्याचा येथे प्रयत्न आहे.

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यास ‘महिको’ची स्थापना केली. पुढे जालना बियाण्यांची पेठ झाली आणि शेजारच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांत भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाची शेडनेटे उभी राहिली. कंपनी नर व मादी वाणांचे मूळ बियाणे देते आणि खरेदीचा दर ठरविते. मध्यस्थ शेतकऱ्यांशी व्यवहार करतो. आणि प्रत्यक्ष ‘क्रॉसिंग’ मजूर करतात. टोमॅटोची कळी उमलण्यापूर्वी तिच्यातील पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, नंतर नरफुलाचे पराग कुक्षीवर लावावयाचे, आणि खूण म्हणून निदले खुडावयाची. हे काम कळीगणिक, आठवडेच्या आठवडे चालते. त्यात बहुतांशी स्त्रिया असतात.

आता निवेदनांची भाषा पाहू. त्यांतील वाक्ये प्रायः कर्मणि किंवा भावे प्रयोगातील असतात. बालमजुरी खपवून घेतली जात नाही. किमान वेतनाचे पालन अपेक्षिले जाते. अपेक्षा कोणी करावयाची आणि ती पुरी करण्यास लागणारा पैसा कोणी द्यावयाचा, हे व्याकरणातच लुप्त होते. दुसरी गोष्ट ‘पुरवठादार’ या शब्दाची. शेडनेटमधील शेतकरी कंपनीचा नोकर नाही आणि पुष्कळदा तिचा थेट पुरवठादारही नाही. तो मध्यस्थाचा माणूस. मजूर तर त्याच्याही पलीकडे. शिवाय १९८६ च्या बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांस सर्व कामांत मनाई केली असली, तरी शाळेची वेळ सोडून कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली आहे. निवेदन कायद्याचा नुसता हवाला देते तेव्हा ही मुभाही त्यात आपोआप येते.

इतक्या दूरच्या मजुरावर लक्ष ठेवणे अशक्य आहे, असा बचाव केला जातो. तो टिकण्याजोगा नाही. कंपनीचे प्रतिनिधी पिकाची वारंवार पाहणी करतात, आणि आलेले बियाणे पेरून त्याची जनुकीय शुद्धता तपासली जाते. शुद्धतेत अथवा उगवणीत उणे ठरलेला लॉट नाकारला जातो, आणि तो कोणाचा हेही ठाऊक असते. भेसळीचे एक रोप शोधून काढणारी ही यंत्रणा पराग लावणाऱ्या हाताचे वय पाहू शकत नाही, हे म्हणणे मला तरी पटत नाही.

खरा प्रश्न दराचा आहे. आंध्रातील संकरित कपाशीच्या बीजोत्पादनावरील ‘द प्राइस ऑफ चाइल्डहुड’ हा २००५ चा अहवाल खरेदीदर आणि बालमजुरी यांचा संबंध दाखवितो. त्याच सुमारास बायर आणि मोन्सॅन्टो यांनी बालमजूर न ठेवणाऱ्या उत्पादकांस पाच टक्के अधिक दर देण्याचे मान्य केले. ही रक्कम पुरेशी होती की नाही, हा वाद निराळा. पण येथे प्रतिज्ञेला प्रथमच एक आकडा मिळाला, ही गोष्ट या उद्योगाच्या बाजूने नोंदविणे न्याय्य होईल. भाजीपाल्याच्या बियाण्यांत मात्र बालमजुरी आणि स्त्रियांना मिळणारी अपुरी मजुरी यांवर २०१५ मध्येही ‘सॉइल्ड सीड्स’ हा स्वतंत्र अहवाल लिहावा लागला.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, अशा मागण्या होत्या. विशेषणे जवळजवळ नाहीत. म्हणूनच १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली तेव्हा कोणती मागणी पुरी झाली, हे निरक्षर कामगारालाही सांगता आले. देऊळगाव राजाच्या शेडनेटमधील स्त्रीला असे काही सांगता यावे, यासाठी कंपनीच्या निवेदनात किलोमागचा खरेदीदर आणि त्यातील मजुरीचा वाटा असे दोन आकडे पुरे होते. वर वर्णिलेल्या घडणीच्या निवेदनांत त्यांना जागा नाही.