दुसऱ्या पडद्यावरचा नकाशा

टेबलाभोवती बसून खेळायचा 'रोल-प्लेइंग गेम' आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला नसेल, म्हणून आधी त्याची थोडक्यात ओळख करून घेऊ. चार-पाच खेळाडू एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. आणखी एक जण असतो, त्याला आपण सूत्रधार म्हणू. पात्रे जिथे शिरतात ती जागा, म्हणजे एखादा पडका किल्ला किंवा त्याखालची भुयारे, फक्त सूत्रधाराला ठाऊक असते. तो समोर काय दिसते ते सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात आणि शंकास्पद गोष्टींचा निकाल फासे टाकून लावला जातो. या प्रकारचा पहिला छापील खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

अलीकडे या खेळात एक नवी सोय रूढ झाली आहे. सूत्रधार आपल्यापुढे लॅपटॉप ठेवतो आणि त्याला एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडतो. लॅपटॉपवर भुयाराचा पूर्ण नकाशा असतो, त्यात दडलेले सापळे आणि शत्रूही असतात. खेळाडूंच्या दुसऱ्या पडद्यावर तोच नकाशा असतो, पण काळ्या रंगाने झाकलेला. पात्रे जसजशी पुढे जातात तसतसा काळा रंग पुसला जातो. हे दिसते देखणे, आणि खेळणाऱ्यांत त्याचे कौतुकही बरेच होते. मला मात्र वाटते की या सोयीने खेळातला शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग कोणाच्या लक्षातही न येता काढून घेतला आहे.

खेळाडूपासून नकाशा लपवणे ही कल्पना काही संगणकाची नाही. प्रशियाच्या सैन्यातला अधिकारी गेओर्ग फॉन राइसवित्झ याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एक युद्धखेळ तयार केला. त्यात १:८००० प्रमाणाचा नकाशा वापरत. पंच शत्रूला दिसू शकतील एवढ्याच तुकड्या नकाशावर मांडत असे, बाकीच्या त्याच्या टिपणात राहत. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायला शिकणे हाच त्या खेळाचा उद्देश होता. पुढे चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगोस' हे युद्धखेळाचे पुस्तक लिहिले. सर्वज्ञ पंचाची कल्पना त्यातून डेव्ह वेस्ली याने उचलली आणि १९६९ मध्ये मिनेसोटात 'ब्राउनश्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्याच मंडळींत आर्नेसन होता. आजचा सूत्रधार म्हणजे त्या प्रशियन पंचाचाच वारस.

आता सुरुवातीच्या वर्षांत हा खेळ कसा खेळत ते पाहा. भुयाराचा नकाशा सूत्रधाराच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे असे. खेळाडूंपैकी एकाने चौकटीच्या कागदावर, ऐकून ऐकून, आपला नकाशा काढायचा. १९८१ च्या 'बेसिक' नियमपुस्तिकेत तर नकाशा काढणारा ही एक ठरलेली जबाबदारीच आहे. सूत्रधार म्हणतो, "बोळ दहा फूट रुंद आहे. साठ फूट उत्तरेला जातो, मग उजवीकडे वळतो." नकाशा काढणारा एका चौकटीला दहा फूट धरून सहा चौकटी मोजतो. पुढे चाळीस फूट पूर्व, साठ फूट दक्षिण, चाळीस फूट पश्चिम. कागदावर रेघ निघाल्या जागी येऊन मिळाली. सूत्रधार मात्र म्हणतो, "समोर एक बंद दार आहे, हे तुम्ही पूर्वी पाहिलेले नाही."

येथे खरी गंमत सुरू होते. जमिनीची मोजणी करणाऱ्यांना ही परिस्थिती चांगली परिचयाची आहे. फिरून मूळ बिंदूवर आले की मोजमापे जुळली पाहिजेत, जुळली नाहीत तर कुठेतरी चूक आहे. पण कुठे? ऐकण्यात? मोजण्यात? की आपण सपाट समजत होतो तो बोळ सपाट नव्हताच? खेळाडूंना परत जाऊन तपासावे लागते. कोणी म्हणतो दोरी लावून मोजू, कोणी म्हणतो गोटी सोडून पाहू. कागदावरचा नकाशा म्हणजे त्यांचे गृहीतक असते, आणि गृहीतक चुकू शकते म्हणूनच ते तपासण्याचा उद्योग सुरू होतो.

दुसऱ्या पडद्यावरच्या नकाशात असे कधीच घडत नाही, कारण तो खेळाडूंचा नकाशा नसतोच. तो सूत्रधाराचा नकाशा असतो, फक्त झाकलेला. तो प्रत्येक वेळी बरोबर जुळतो. खेळाडूने काही मोजले नाही, काही ताडले नाही, तरी काळे पुसले जाते आणि खाली उत्तर तयार असते.

१९७४ च्या मूळ खेळातल्या तिसऱ्या पुस्तिकेत सूत्रधाराला काही युक्त्या सुचवल्या आहेत. खेळाडूंना नकळत एक मजला खाली नेणारे उतरते बोळ, आपोआप फिरणारी दालने, एकाच बाजूने उघडणारी दारे. वरवर पाहता हा छळच वाटेल. पण या सगळ्या युक्त्यांचा रोख नकाशा काढणाऱ्याच्या आत्मविश्वासावर आहे. आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत असे तुम्ही कशावरून म्हणता, हा प्रश्न त्या विचारतात. खेळातल्या बुटक्या जमातीच्या पात्रांना, म्हणजे 'ड्वार्फ' लोकांना, असे उतार ओळखण्याची खास शक्ती दिलेली आहे. पडद्यावर मात्र पात्र खालच्या मजल्यावर गेले की चित्रच बदलते. लपवायचे काही उरत नाही आणि त्या बिचाऱ्या ड्वार्फलाही काम उरत नाही!

दुसरा आक्षेप दृष्टिकोनाचा, आणि तो अगदी शब्दशः. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली आकृती. भुयारात मशाल घेऊन चालणाऱ्या पात्राला ती कधीच दिसत नाही. त्याला दिसतात भिंती, कोपरे, अंधारात जाणारी कमान. समोरच्या दृश्यावरून वरची आकृती मनात उभी करणे हे अवघड काम आहे. भूगोल शिकवणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको, समोच्चरेषा शिकवताना नेमके तेच अडते. पडदा हे काम खेळाडूच्या वतीने करून टाकतो. याउलट १९७८ मध्ये निघालेल्या 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसकथेसोबत चित्रांची वेगळी पुस्तिका दिली होती. एखाद्या दालनात शिरल्यावर पात्राला समोर जे दिसेल तेवढेच चित्र सूत्रधाराने दाखवायचे. त्या चित्रात धोक्याच्या खुणा असत, पण त्या शोधण्याचे काम पाहणाऱ्याचे. दुसऱ्या पडद्यावर दाखवायचेच तर अशी चित्रे दाखवावीत. ती खेळाडूला विचार करायला लावतात.

आता या सोयीची दुसरी बाजू. ती मुळीच लहान नाही. ऐकून नकाशा काढणे सर्वांना जमत नाही. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यावर तर जुनी पद्धत सरळ अन्याय करते. शिवाय एक जण मोजत बसला की बाकीचे तिघे जांभया देतात, हेही खरेच. आणि लढाईच्या वेळी कोण कुठे उभा आहे यावरून होणारे वाद पडद्यामुळे मिटतात. तिथे मला पडद्याबद्दल काहीच तक्रार नाही. लढाईच्या नकाशात साधारणपणे एक इंच म्हणजे पाच फूट, अर्थात १:६० हे प्रमाण धरतात. ४३ इंची टीव्ही टेबलावर आडवा ठेवला तर त्याची रुंदी सुमारे साडेसदतीस इंच आणि उंची एकवीस इंच भरते. म्हणजे साधारण १८५ फूट बाय १०५ फूट एवढी जागा त्यावर मावते. टीव्हीच्या आडव्या ओळीत १९२० बिंदू असतील तर एका इंचात ५१ बिंदू येतात, तेव्हा नकाशातली प्रत्येक चौकट ५१ बिंदूंची करावी लागते. कर्ण आणि १६:९ हे गुणोत्तर एवढ्यावरून विद्यार्थ्यांना हे सगळे काढता येईल. पायथागोरसच्या प्रमेयाचे इतके जिवंत उदाहरण सहसा मिळत नाही.

काळा रंग पुसण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. नकाशातल्या भिंती संगणकाला रेषाखंड म्हणून दिलेल्या असतात. पात्राच्या स्थानापासून प्रत्येक रेषाखंडाच्या टोकाकडे एक किरण सोडतात, तो पहिल्यांदा कुठे अडतो ते काढतात आणि हे बिंदू कोनाच्या क्रमाने जोडतात. आत येणारी बहुभुजाकृती म्हणजे पात्राला दिसणारा भाग. प्रकाश सरळ रेषेत जातो, हा माध्यमिक शाळेतला धडा येथे कामाला लागतो. पण या पद्धतीतूनही गुपिते फुटतात. चित्राची कड पडद्यावर दिसली की भुयार कुठे संपते ते खेळाडूंना कळते. दोन दालनांच्या मध्ये काळा चौकोन उरला की तिथे गुप्त खोली आहे, असा तर्क ते करतात. कागदावरही हा तर्क करता येई, परंतु तिथे तो चौकोन त्यांच्या स्वतःच्या मोजणीतून उरलेला असे आणि मोजणी चुकलेली असण्याची शक्यता असे. पडद्यावरचा चौकोन फुकट मिळतो आणि तो कधी खोटा नसतो.

२०२० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील लुईझा डहमानी आणि वेरॉनिक बोहबो यांनी वाहनचालकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जीपीएसचा वापर ज्यांनी जास्त केला होता, त्यांची स्वतः वाट शोधण्याची स्मरणशक्ती तीन वर्षांत अधिक घटलेली आढळली. तीन वर्षांनी पुन्हा तपासलेले चालक फक्त १३ होते, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. पण वाट दाखवणारे यंत्र आणि वाट शोधणारा मेंदू यांचा संबंध तपासण्याजोगा आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येईल.

मग दुसऱ्या पडद्याचे करायचे काय? माझी सूचना अशी की त्यावर सूत्रधाराचा नकाशा न दाखवता खेळाडूंचा नकाशा दाखवावा. चौकटीच्या कागदावर मोबाइलचा कॅमेरा उलटा टांगला की काढणाऱ्याची प्रत्येक रेघ सर्वांना दिसते. जांभया देणारे तिघे आपोआप चुका काढू लागतात, आणि ज्यांना ऐकायला त्रास होतो त्यांनाही आपण कुठे आहोत ते कळते. आठवड्याआड काढणारा बदलावा. साहस संपल्यावर सूत्रधाराने आपला मूळ नकाशा त्याच पडद्यावर खेळाडूंच्या नकाशावर अर्धपारदर्शक करून ठेवावा. कुठे किती फरक पडला, आणि पहिली चूक नेमकी कोणत्या वळणावर झाली, हे तिथे बसून मोजता येते. शाळेच्या आवाराचा किंवा गावच्या आळीचा नकाशा पावलांनी मोजून काढून घेतानाही हीच रीत चालेल. प्रोजेक्टर असलेल्या शाळेत त्यासाठी वेगळा खर्च नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. पडदा जोडताना संगणकाला 'एक्स्टेंड' ही आज्ञा द्यावी, 'डुप्लिकेट' नव्हे. नाहीतर सूत्रधाराचे सगळे सापळे पहिल्याच मिनिटाला खेळाडूंसमोर येतात. आणि टीव्ही आडवा ठेवायचा असेल तर त्याच्या पाठीची हवेची भोके झाकली जाऊ नयेत म्हणून चार कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे द्यावेत.