शासन, सॉफ्टवेअर आणि दस्तऐवजांची सुवाह्यता
जर्मनीतील म्युनिक नगरपरिषदेने २००३ मध्ये विंडोजऐवजी लिनक्स स्वीकारण्याचा आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. समर्थकांना पहिल्या निर्णयात स्वातंत्र्य दिसले, तर विरोधकांना दुसऱ्यात लिनक्सचे अपयश. या दोन्ही भूमिका एकांगी आहेत. मूळ प्रश्न प्रणालीच्या श्रेष्ठत्वाचा नसून सुवाह्यतेचा, म्हणजेच शासकीय दस्तऐवज कोणत्याही प्रणालीत जसाच्या तसा उघडण्याचा आहे. भारत सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो, हे त्या धोरणाच्या गरजेचे बोलके उदाहरण होय. सबब, शासनाने प्रथम मानक निश्चित करावे व त्यानंतरच सॉफ्टवेअर निवडावे. अन्यथा प्रणाली बदलताच नागरिकांच्या नोंदीच अवाचनीय ठरतील.