किती आणे दुखायलंय?

दुखणं मोजायला नर्सिंगमध्ये शून्य ते दहाची पट्टी शिकवतात. पट्टी सोपी आहे. पण नांदेड-लातूरच्या माणसाकडून तिच्यावरचा खरा आकडा काढून घेणं ही फार नाजूक कला आहे.

पोटाच्या ऑपरेशननंतरची सकाळ. "मामा, दुखायलंय का?" "काय नाही, बाई." पण मामांची मूठ खाटेच्या दांडीवर आवळलेली, श्वास वरच्यावर. सिस्टर हलली नाही. "रुपयात किती आणे?" मामा थबकले. "बारा आणे तर हाय." पहिल्या प्रश्नाला आमच्याकडचा शेतकरी 'नाही'च म्हणणार, कण्हणं त्याला कमीपणाचं वाटतं. दुसऱ्या प्रश्नानं दुखणं गृहीतच धरलं आणि नुसता हिशेब मागितला. मग तिसरा: "आन खोकल्यावर?" "सोळाच्या सोळा!" माझी सगळ्यात मोठी दाद या तिसऱ्या प्रश्नाला. निपचित पडल्यावर दुखणं दबतंच. पण दुखतं म्हणून खोकला दाबला की छातीत कफ साठतो, न्यूमोनियाची भीती वाढते. तिनं उशी पोटाशी दिली, "दाबून धरा, मग खोका" म्हणाली. श्वास मोजले, डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं परत येऊन विचारलं, तेव्हा मामा चार आण्यांवर आले होते.

देगलूर-बिलोलीकडून तेलुगू बोलणारी, किनवटच्या तांड्यांवरून गोरबोली बोलणारी माणसं येतात. तिथे सहा चेहऱ्यांचा तक्ता कामी येतो. डोना वाँग या परिचारिकेनं कॉनी बेकर यांच्यासोबत 1983च्या सुमारास अमेरिकेत ओक्लाहोमात तो घडवला, तोही मुलांनीच काढलेल्या चेहऱ्यांवरून. त्यातली खुबी अशी की चेहरा पेशंटनं निवडायचा, सिस्टरनं त्याच्या तोंडाशी ताडून बघायचा नाही. ज्याचं दुखणं, त्याचाच शब्द प्रमाण, हे मार्गो मॅकॅफ्री या परिचारिकेनं 1968मध्येच ठणकावून मांडलं होतं. तान्ह्या लेकराला मात्र ना आकडा सांगता येतो ना बोट दाखवता येतं. तिथे पाय झाडणं, रडण्याचा सूर, आईच्या कुशीत शांत होतं की नाही, हे सिस्टरलाच वाचावं लागतं.

रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर पडला, की आधी गळते ती अर्ध्या तासानंतरची फेरी. औषध दिल्याची सही होते. ते लागू पडलं का, हे विचारायला हात मोकळे नसतात. परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरा, असं मी कळकळीनं म्हणतो ते या फेरीसाठी.